आधी दोर, मग दगड

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी, दवाखान्यात गर्दी असतानाच, एक गृहस्थ आपल्या १३ वर्षांच्या मुलाला घेऊन आत आले. मुलाने डावा हात उजव्या हाताने सांभाळून धरलेला, खांदा पुढे झुकलेला, चेहरा पांढराफटक. ही ठेवण पाहिली की एक्स-रे काढण्याआधीच निदान सांगता येते. हासळीचे हाड मोडले होते. शाळेच्या मागच्या पायऱ्यांवरून सायकल खाली उडवण्याचा प्रयत्न त्याने केला होता. पायऱ्या पाच. त्याआधी तो सायकलवरून एकही पायरी कधी उतरला नव्हता. मोबाईलवर मात्र दुसऱ्यांना उतरताना शेकडो वेळा पाहिले होते.

या वयात हासळी साधारण चार ते सहा आठवड्यांत जुळून येते. हात झोळीत बांधला, औषधे दिली, वडिलांना धीर दिला. तेव्हा ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आता तुम्हीच याला सांगा, सायकल बंद म्हणून. माझं हा ऐकत नाही. ती सायकल मी उद्या विकून टाकतो." दाराशी उभी असलेली मुलाची आई तोवर एक शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली, "विकाल हो. मग हा घरात बसून काय करणार? मोबाईलच ना?"

मी म्हणालो, "सायकल बंद कर असं मी याला सांगणार नाही." गृहस्थ चिडले. "तुम्हाला काय जातंय सांगायला? पोर माझं आहे!" बाहेर ११ रुग्ण बसले होते. बोलणे तेवढ्यावरच राहिले. त्या दिवशी जे सांगायला वेळ मिळाला नाही ते आज या सदरात लिहितो आहे. ते गृहस्थ हा अंक वाचतात, हे मला ठाऊक आहे.

ज्या सायकलीवरून हा मुलगा पडला ती जाड, खाचांच्या टायरची, सरळ हँडलची, गिअरची आणि पुढे शॉकअप असलेली सायकल. १९९० च्या दशकात अशा दिसणाऱ्या प्रत्येक सायकलीला आपल्याकडे सरसकट 'रेंजर' म्हणत. आता ती गावोगावी दिसते. पण ही सायकल मुळात कशासाठी बनली, हे विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. शिकवणीला जायचे, रविवारी घाटाच्या पायथ्यापर्यंत चक्कर मारायची, एवढाच तिचा उपयोग. मुलाला मात्र तिच्याकडे पाहूनच कळते की ही नुसत्या डांबरी रस्त्याची सायकल नव्हे. मग तो पायऱ्या शोधतो. यात मुलाचे काय चुकले?

या सायकलीचा जन्म अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील मारिन परगण्यात झाला. तेथे तमाल्पाइस नावाच्या डोंगराच्या परिसरात १९७० च्या दशकात काही तरुण मंडळी १९३०-४० च्या काळातल्या जुन्या, बोजड, जाड टायरच्या सायकली घेऊन कच्च्या वाटांनी खाली येत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. त्या उताराचे नाव 'रिपॅक'. पायडल उलटे दाबून लागणारा मागच्या चाकाचा ब्रेक उतारावर इतका तापे की त्यातले ग्रीस जळून जाई आणि खाली आल्यावर ते पुन्हा भरावे लागे, म्हणून हे नाव. पुढच्याच वर्षी जो ब्रीझ याने खास डोंगरासाठी म्हणून नवी सायकल बांधली. वीस वर्षांच्या आत, १९९६ साली, अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. हे सांगण्याचे कारण एवढेच की ही सायकल दगड, मुळे, ओघळ आणि पडलेली खोडे ओलांडण्यासाठी आहे, आणि तशी ती चालवणे ही एक विद्या आहे. ती शिकावी लागते, आणि क्रमाने शिकावी लागते.

क्रमाने शिकणे म्हणजे काय, हे पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. आपण सायकल कशी शिकलो ते आठवा. तासाच्या भाड्याची, मोठ्या माणसांच्या मापाची काळी सायकल. सीटपर्यंत पाय पोहोचत नसे. आधी ती नुसती हातात धरून ढकलायची. मग एक पाय पायडलवर ठेवून दुसऱ्याने जमीन रेटत जायचे. मग दांडीच्या खालून पाय घालून अर्धे पायडल. त्यानंतर दांडीवरून, नितंब डावी-उजवीकडे करत. सीटवर बसायला मिळायचे ते काही महिन्यांनी. ही पद्धत कोणी ठरवलेली नव्हती. सायकल मोठी आणि आपण लहान, म्हणून ती झाली. पण तिच्यामुळे प्रत्येक टप्प्यावर आपण थोडेसेच पडलो. गुडघे सोलले, हाडे फारशी मोडली नाहीत. आजच्या मुलाला त्याच्या मापाची सायकल मिळते, पहिल्याच दिवशी सीटवर बसता येते. चांगलेच आहे. पण मधले टप्पे गेले ते गेलेच, आणि अडथळे ओलांडायची वेळ येते तेव्हा तो थेट पाच पायऱ्यांवर जाऊन उभा राहतो.

अडथळ्यांवरून सायकल नेण्यासाठी अचाट धाडस लागते, ही समजूतही खरी नव्हे. पावसाळ्यात वाडीवस्तीवरून शाळेला येणारी आठवी-नववीतली मुलगी पाहा. पाठीला दप्तर, वाट चिखलाची, मध्ये बैलगाडीच्या चाकोऱ्या आणि वर आलेले धोंडे. धोंड्यांचा पट्टा आला की ती सीटवरून उठते, दोन्ही पायडले समान ठेवते, गुडघे सैल सोडते आणि सायकलला खालच्या खाली नाचू देते. तिला कोणी शिकवलेले नसते. रोज दोन वेळा तीच वाट, त्यामुळे अंगाने शिकलेले असते. परदेशात या पवित्र्याचे शिक्षण देण्यासाठी पैसे घेऊन वर्ग भरतात. आपल्याकडची ही पोर कॅरेजवर धाकट्या भावाला बसवून ते करते!

मी स्वतः हे शिकलो तेव्हा वयाची ५३ वर्षे उलटली होती. रक्तदाब किंचित वाढलेला, पोट सुटलेले, आणि रुग्णांना व्यायाम सांगताना स्वतःचीच लाज वाटू लागलेली. माझा भाचा पुण्यात नोकरीला आहे आणि सुटीच्या दिवशी डोंगरात सायकल चालवतो. त्याने मला धरले. अजिंक्यताऱ्याच्या बाजूला गवताचा एक सपाट तुकडा आहे, तेथे त्याने मला नेले. मला वाटले होते, आता टेकडी चढायची. त्याने पिशवीतून काथ्याचा एक जाड दोर काढला, गवतावर आडवा टाकला आणि म्हणाला, "मामा, यावरून जा."

दोर जेमतेम दोन इंच जाड. मी हसलो. बसल्या बसल्या गेलो आणि ढुंगणाला दणका बसला. "आता न बसता जा," तो म्हणाला. त्यासाठी आधी त्याने सीट चांगली चार बोटे खाली उतरवली. दोन्ही पायडले जमिनीला समांतर, एक पाय पुढे, एक मागे. गुडघे आणि कोपरे वाकलेली. अंगाचा भार तळपायांवर, हातांवर नाही. हात केवळ हँडल धरण्यापुरते. जुन्या काळी घोडेस्वार रिकिबीत पाय रोवून अंग उचलत असे, तसे. या अवस्थेत गुडघे आणि कोपरे म्हणजे चार स्प्रिंगा असतात. सायकल वर आली की त्या मिटतात, खाली गेली की उघडतात, आणि धड जवळजवळ जागच्या जागी राहते. ज्याचे हात ताठ, त्याचा प्रत्येक दणका मनगटातून खांद्यापर्यंत जातो. आमच्या मुलाची हासळी अशीच मोडली असणार. घाबरलेला माणूस ताठ होतो.

त्या सकाळी मी दोरावरून किती वेळा गेलो ते मोजले नाही. पण घरी आल्यावर मांड्या भरून आल्या होत्या. जिना उतरताना कठडा धरावा लागला. एका जागी चालवलेल्या यंत्राच्या सायकलीवर असे कधी झाले नव्हते. त्याचे कारण उघड आहे. येथे मांड्या, पोट, पाठ आणि खांदे सगळे एकाच वेळी कामाला लागतात, आणि शिवाय तोल. तोल ही एका अवयवाची करामत नाही. कानाच्या आतल्या भागातील तोल सांभाळणारी इंद्रिये, डोळे, आणि सांध्यांतून व स्नायूंतून येणारी जाणीव या तिघांच्या बातम्या मेंदूकडे जातात आणि लहान मेंदू हालचालींचा मेळ बसवतो. वय वाढते तशी ही यंत्रणा मंदावते. पण तिला काम दिले तर ती सुधारतेही. म्हातारपणी न्हाणीघरात पाय घसरून खुबा मोडतो तेव्हा हाडाइतकाच हा गंजलेला तोलही कारणीभूत असतो. म्हणून चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाने दोरावरून सायकल नेण्यात हसण्यासारखे काही नाही, असे माझे मत आहे. हसणारे पुष्कळ भेटले.

दुसऱ्या खेपेला भाच्याने दोराच्या जागी उभा चिरलेला कळक टाकला, उपडा. तिसऱ्या खेपेला एक फळी विटेवर टेकवून ठेवली. येथे मला जे जमेना ते डोळ्यांचे. दगड चुकवायचा म्हणून दगडाकडे पाहत राहिले की चाक नेमके दगडावरच जाते, हा अनुभव सायकल शिकताना प्रत्येकाने घेतला असेल. हात डोळ्यांच्या मागे जातात. "मामा, खाली बघू नका, पलीकडे बघा," हे वाक्य त्याने इतक्या वेळा म्हटले की पुढे ते मला झोपेत ऐकू येऊ लागले. अडथळा एकदा दुरून पाहायचा, कोठून जायचे ते ठरवायचे, आणि मग नजर त्याच्या पलीकडे दहा-पंधरा फुटांवर टाकायची.

ब्रेकचेही तसेच. आपण अडथळ्यावर पोहोचतो, घाबरतो आणि दोन्ही मुठी आवळतो. येथेच घात होतो. फिरते चाक धोंड्यावर चढते, आवळलेले चाक धोंड्याला अडते. चाक अडले की सायकल थांबते आणि माणूस पुढे जातो, हँडलवरून. ब्रेक लावायचा तो अडथळ्याच्या आधी, आणि अडथळ्यावर येताना सोडायचा. पुढच्या ब्रेकची ताकद जास्त, म्हणून तो एका-दोन बोटांनी, लोणी दाबावे तसा दाबायचा. तुमच्या सायकलीला कोणत्या हाताचा ब्रेक कोणत्या चाकाचा आहे ते आधी पाहून घ्या. सगळ्या सायकलींना सारखा नसतो. मुलाने मित्राची सायकल घेतली आणि सवयीने दाबला, की संपले.

सहा इंचांचे खोड ओलांडायचे तर पुढचे चाक उचलावे लागते. लोकांना वाटते, हातांनी हँडल ओढायचे. तसे नाही. हलका गिअर घालायचा, अंग किंचित खाली दाबायचे आणि मग एक पायडल मारत कंबर मागे न्यायची, हात आपोआप सरळ होतात आणि चाक हलके होऊन वर येते. ते खोडाच्या वर टेकले की लगेच अंग पुढे आणायचे, म्हणजे मागचे चाक मोकळे होते आणि आपले आपण चढून येते. हे सगळे दोन सेकंदांत. लिहिताना मोठे वाटते. मला यायला पाच रविवार लागले. वेग चालत्या माणसापेक्षा जरासा जास्त, इतकाच हवा. मध्येच सायकल अडकली तर पाय टेकून उतरायचे. खरे म्हणजे भाच्याने मला खोडाच्या आधी हेच शिकवले. अडकणे, पाय टेकणे, उतरणे, सायकल बाजूला सोडून देणे. उतरता येत नाही त्याने चढू नये. शिकवणाऱ्यांपैकी पुष्कळजण हा धडा वगळतात.

टायरमध्ये हवा किती, हा प्रश्न रुग्णच मला विचारतात, म्हणून सांगतो. दुकानदार टायर दगडासारखा टणक करून देतो. रस्त्यावर ते ठीक. खडकाळ वाटेवर असा टायर चेंडूसारखा उसळतो. साधारण वजनाच्या माणसाला जाड टायरमध्ये तीस पौंडांच्या आसपास हवा पुरते. मूल हलके असेल तर त्याहून थोडी कमी.

आता माझी फजिती. खोड जमले आणि मला शिंगे फुटली. गेल्या वर्षी दिवाळीनंतर एका रविवारी भाचा आलेला नसताना मी एकटाच टेकडीच्या बाजूने एका पायवाटेने खाली आलो. वाटेत गुडघ्याच्या निम्म्याइतकी खडकाची पायरी होती. दुसऱ्याने विचारले असते तर मी म्हणालो असतो, आधी उतरून बघ. मी उतरलो नाही. कडेवर आलो, खाली पाहिले आणि नेमके जे करू नये ते केले. मुठी आवळल्या. डाव्या तळहातावर पडलो. पडताना माणूस हात पुढे करतोच, ती प्रतिक्रिया आपल्या हातात नसते.

त्याच दिवशी एक्स-रे काढला. हाड अखंड दिसले. मी पट्टी गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बसलो. मनगटात अंगठ्याच्या बाजूला एक लहान हाड असते, नावेच्या आकाराचे. अंगठा ताणून वर केला की त्याच्या मुळाशी एक खळगा पडतो. शरीरशास्त्राच्या पुस्तकात त्याला तपकिरीची डबी म्हणतात, कारण पूर्वी लोक त्यात चिमूटभर तपकीर ठेवून ओढत. या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल तर नावेचे हाड तडकलेले असू शकते, आणि ही तडक पहिल्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही. म्हणून मनगट बांधून ठेवायचे आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा तपासायचे, हा नियम आहे. गेली पंचवीस वर्षे मी तो रुग्णांना सांगत आलो. स्वतः तीन आठवडे इंजेक्शने देत, केसपेपर लिहीत आणि मोटारसायकल चालवत फिरलो. शेवटी पत्नीने अस्थिरोगतज्ज्ञांकडे नेले. तडक होती. दहा आठवडे प्लास्टर. या हाडाला रक्तपुरवठा मुळातच बेताचा आणि उलट बाजूने होतो, त्यामुळे हयगय केली तर ते जुळतच नाही. माझे जुळले, पण डावे मनगट आजही पूर्वीइतके मागे वाकत नाही. जमिनीवर हात टेकून उठताना रोज आठवण होते.

तेव्हा सायकलवरून पडून मनगट दुखते आहे, एक्स-रे चांगला आहे, म्हणून कोणी निश्चिंत राहू नये. आणि कृपा करून तेल लावून चोळू नये. चोळून जुळलेले हाड मी अजून पाहिलेले नाही, चोळून सरकलेली पुष्कळ पाहिली.

याहून गंभीर दोन गोष्टी आहेत आणि त्या आईबापांना माहीत नसतात. पहिली, हँडलचा पोटात बसलेला मार. मूल पडताना हँडल फिरते आणि त्याचे टोक पोटात बसते. वर दिसतो तो केवळ एक गोल वळ. मूल उठते, खेळूही लागते. आत मात्र यकृत, प्लीहा, स्वादुपिंड किंवा आतडे दुखावलेले असू शकते आणि त्याची लक्षणे काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दिसू लागतात. पोटात वाढत जाणारे दुखणे, उलट्या, मलूल होणे, घाम. पोटावर तसा वळ दिसला तर मूल बरे दिसत असले तरी डॉक्टरांना दाखवा आणि काय लागले ते नीट सांगा. शिवाय आज घरी गेल्यावर सायकलीच्या मुठी पाहा. रबर फाटून लोखंडी नळीचे उघडे तोंड बाहेर आले असेल तर ती सायकल उद्या मुठी बदलल्याशिवाय बाहेर काढू नका. खर्च अगदी किरकोळ आहे.

दुसरी गोष्ट डोके. अमेरिकेत सिएटल येथे झालेल्या आणि १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हेल्मेट घालणाऱ्या सायकलस्वारांत डोक्याच्या दुखापतीचा धोका ८५ टक्क्यांनी कमी आढळला होता. पुढे अनेक पाहण्या एकत्र तपासल्या गेल्या तेव्हा तो फायदा सुमारे ५० टक्के निघाला, गंभीर दुखापतींच्या बाबतीत त्याहून अधिक. कमी निघाला म्हणून हेल्मेट नको म्हणणारे भेटतात. निम्मा धोका टळतो, यात काय कमी आहे? मात्र ते भुवयांच्या वर दोन बोटे राहील असे बसले पाहिजे, पट्टा हनुवटीखाली लावलेला पाहिजे. पुष्कळ मुले ते हँडलला अडकवून फिरवतात. एकदा जोराचा आघात झाला की वरून धड दिसले तरी ते बदलावे. आणि डोक्याला मार लागल्यावर उलटी, गुंगी, विसंगत बोलणे, वाढती डोकेदुखी यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

मोठ्या माणसांपैकी रक्त पातळ होण्याची औषधे घेणारे, चक्कर येणारे, हाडे ठिसूळ झालेले यांनी हा खेळ आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. मधुमेह्यांनी खिशात साखर ठेवावी. लांब चालवल्यावर करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल तर हातांवर फार भार पडतो आहे. सीट आणि हँडल यांचे माप बदलून घ्यावे, हातांची जागा मधून मधून बदलावी.

"एवढे सगळे धोके सांगता आणि सायकल बंद करू नका म्हणता?" ते गृहस्थ विचारतील. हो, म्हणतो. मुलाला उंच जागेचे आकर्षण असणारच. पूर्वी ते झाडावर चढत, विहिरीत सूर मारत. सायकल काढून घेतली तर तो मित्राची घेईल, आणि त्या वेळी तुम्ही जवळ नसाल. भीती दाखवून सावधपणा येत नाही. भ्यालेला मुलगा ताठ होतो, आणि ताठ मुलगा पडतो, हे वर लिहिलेच आहे. गवतावर दोन इंचांच्या दोरावर शंभर वेळा गेलेल्या मुलाला पाच पायऱ्या केवढ्या मोठ्या आहेत हे कोणी सांगावे लागत नाही. त्याला दिसते. मला स्वतःला त्या दिवशी दिसले होते. मी बघितले नाही, हा निराळा भाग.

पण वडिलांच्या म्हणण्यात एक खरी अडचण आहे, आणि ती मी नाकारत नाही. शिकायचे कोठे? रस्त्यावर मोकळी जागा नाही, आणि रस्त्यावरच्या ट्रकची मला कोणत्याही खोडापेक्षा अधिक भीती वाटते. बागेत जावे तर फाटकावरच पाटी, 'सायकल आणण्यास मनाई'. हल्ली जेथे तेथे लाखो रुपये घालून सिमेंटचे ठोकळे बसवलेली चालण्याची वाट करतात, बाजूला व्यायामाची लोखंडी यंत्रे बसवतात आणि वर्षभरात ती गंजतात. त्याच बागेच्या एका कोपऱ्यात गवत राखून दोन ओंडके, थोडे गोटे, मातीचा एक उंचवटा आणि एक फळी टाकायला कितीसा खर्च येईल? पावसाळ्यात पडलेल्या झाडांची खोडे तर फुकट मिळतात. मुले तेथे सावकाश, खाली, सगळ्यांच्या नजरेसमोर शिकतील. मी याबद्दल अर्ज दिला होता. सायकलवरून मूल पडले तर जबाबदार कोण, असा तोंडी प्रश्न आला. आता शाळेच्या पायऱ्यांवर पडले त्याला जबाबदार कोण आहे, हे मात्र कोणी विचारत नाही.

डोंगरात जाण्याइतपत तयारी झालेल्यांना एकच विनंती. कासच्या सड्यावर सायकल घालू नका. त्या जांभ्या खडकावरचा मातीचा थर काही ठिकाणी बोटभरही नाही आणि त्यावर जे उगवते ते पाहायला जगभरातून माणसे येतात. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर त्याचा जागतिक वारशात समावेश झाला आहे. खाचांचा टायर एका फेरीत त्याची नासाडी करतो. रुळलेल्या वाटा आपल्याकडे पुष्कळ आहेत. पावसात शेवाळलेल्या खडकावरून आणि ओल्या मुळांवरून तिरके जायचे नाही, काटकोनात जायचे. शंका आली की उतरून चालायचे.

दर रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही चौघे-पाचजण त्या गवताच्या तुकड्यावर असतो. दोन निवृत्त शिक्षक आहेत, एक भगिनी आपल्या मुलीबरोबर येते. दोर माझ्याकडे आहे. तेथून वर जाणाऱ्या वाटेत एक नऊ इंचांचे खोड पडलेले आहे, त्याला मी अजून वळसा घालून जातो.

परवा तो मुलगा तपासणीला आला होता. हाड छान जुळते आहे, हात वर जातो आहे. या वेळी आई एकटीच बरोबर होती. मी सायकलीचे विचारले. विकलेली नाही म्हणाली. माळ्याखाली कुलूप लावून ठेवली आहे आणि किल्ली तिच्याजवळ आहे. मग तिने मला विचारले, "तो दोर किती जाड घ्यायचा असतो?"